क्विल्टिंग : हातकाम व लाँगआर्म यंत्रकाम

क्विल्टिंग : कापडाच्या दोन थरांमध्ये कापूस, लोकर यांसारखे मऊ भरण घालून तिन्ही थर टाक्यांनी एकत्र बांधण्याची शिवणकला. अशा रीतीने तयार झालेल्या पांघरुणास ‘क्विल्ट’ म्हणतात. ‘उशी’ वा ‘भरलेली गादी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून जुन्या फ्रेंच भाषेच्या द्वारे ही संज्ञा इंग्रजीत आली. क्विल्टचे तीन घटक असतात : दर्शनी पट, मधले भरण आणि खालचे अस्तर. दर्शनी पट अनेकदा लहान लहान तुकडे जोडून केलेला असतो. तुकडे जोडण्याचे काम आणि तिन्ही थर टाचण्याचे काम ही दोन वेगळी कामे होत. क्विल्टिंग ही संज्ञा काटेकोर अर्थाने दुसऱ्या कामासच लागू पडते. पहिले काम एकीने व दुसरे दुसरीने करावे, अशी विभागणी यामुळेच शक्य होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांपासून टाचण्याचे काम लाँगआर्म नावाच्या मोठ्या यंत्रावर मजुरीने करून देणाऱ्या व्यावसायिकांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण झाला. त्यामुळे जोडलेला पट स्वतः हाताने टाचावा की अशा व्यावसायिकाकडे सोपवावा, हा प्रश्न क्विल्ट करणाऱ्या प्रत्येकीपुढे उभा राहतो. त्यात वेळ व पैसा यांचा हिशेब तर आहेच. शिवाय तयार वस्तू कोणाची म्हणावी, हाही प्रश्न आहे.

इतिहास : थर टाचून ऊबदार वा संरक्षक वस्त्र करण्याची रीत फार प्राचीन आहे. मंगोलियातील नोइन-उला येथील दफनस्थळांच्या उत्खननात १९२४–२५ मध्ये टाचकाम केलेला एक गालिचा सापडला. तो सु. दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. यूरोपात मध्ययुगात चिलखताखाली घालावयाचे जाड टाचलेले अंगरखे वापरात होते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिसिलीमध्ये तयार झालेल्या आणि ट्रिस्टनची कथा चित्रित केलेल्या क्विल्टचे भाग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात व फ्लॉरेन्स येथील बार्जेल्लो संग्रहालयात जतन केलेले आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालमध्ये टसर रेशमाने भरतकाम करून टाचलेली आच्छादने पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत यूरोपात जात. ‘कोल्चा’ या पोर्तुगीज नावाने ती ओळखली जातात.

मजुरी देऊन टाचकाम करून घेणे ही लाँगआर्म यंत्राबरोबर आलेली नवी प्रथा नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी उत्तर इंग्लंडमधील हेक्सम गावाजवळ राहणारा जोझेफ हेडली हा या कामासाठी इतका ख्यातनाम होता, की तो ‘जो द क्विल्टर’ याच नावाने ओळखला जाई. १८२६ मध्ये त्याचा खून झाला. याच प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडावर निळ्या पेन्सिलीने नक्षी आखून देणारे कारागीर होते. गिऱ्हाईक आखलेला पट घरी नेऊन स्वतः टाची. वेल्समध्ये फिरत्या क्विल्टकारणी गिऱ्हाइकाच्या घरी मुक्काम करून वर्षाची पांघरुणे टाचून देत. खाणकामगारांच्या वस्त्यांत बेकारी वाढली असता, १९२८ पासून ब्रिटनच्या ग्रामीण उद्योग विभागाने दक्षिण वेल्स व डरॅम येथील स्त्रियांना हे काम मिळवून देण्याची योजना राबविली. अमेरिकेत आमिश व मेनोनाइट समाजांतील स्त्रिया इतरांचे पट हाताने टाचून देतात. त्यांची मजुरी बहुधा कामात खर्ची पडलेल्या दोऱ्याच्या लांबीवर, म्हणजे यार्डांवर आकारली जाते.

यंत्राचा वापरही अलीकडचा नाही. आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये शिवणयंत्राचे एकस्व मिळविले आणि त्यानंतरच्या दशकांत घरगुती यंत्रावर टाचलेले क्विल्ट दिसू लागले. गुलामगिरीत जन्मलेल्या जॉर्जिया राज्यातील हॅरिएट पॉवर्झ या कृष्णवर्णीय स्त्रीने १८८६ च्या सुमारास केलेला ‘बायबल क्विल्ट’ हा अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध क्विल्टांपैकी एक असून त्यात हाताचे व यंत्राचे असे दोन्ही प्रकारचे टाके आढळतात. तो स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. आर्थिक अडचणीमुळे पॉवर्झने तो विकावयास काढला, तेव्हा मागितलेल्या दहा डॉलरांऐवजी तिला पाचच मिळाले.

हातकामाची पद्धती : प्रथम दर्शनी पटावर खडूने वा पेन्सिलीने नक्षी आखतात. अस्तर सपाट पसरून त्यावर भरण व त्यावर दर्शनी पट अंथरतात आणि तिन्ही थर हलू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालतात. मग ते लाकडी चौकटीवर ताणतात किंवा मांडीवर घेता येईल अशा गोल कड्यात बसवितात. चौकटीभोवती अनेक जणी एकाच वेळी बसू शकतात. अमेरिकेतील ‘क्विल्टिंग बी’ या सामुदायिक बैठकींचा उगम या सोयीत आहे. टाचण्याची सुई आखूड व बारीक असते. तिच्या क्रमांकाचा आकडा जितका मोठा तितकी सुई लहान. एका हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान घालून सुई वरून दाबतात. दुसऱ्या हाताचे बोट अस्तराखाली ठेवून सुईचे टोक जाणवताच ते वर लोटतात. सुई अशी खालीवर डोलवत तीनचार टाके तिच्यावर एकदम घेतले जातात. दोऱ्याची गाठ कापडातून हलकेच ओढून भरणात लपवितात. त्यामुळे ती कोणत्याही बाजूस दिसत नाही.

हातकामाचा टाका म्हणजे साधा धावदोरा होय. एकच दोरा एकदा वर व एकदा खाली येतो, म्हणून टाक्यांची रेघ तुटक दिसते. टाक्यांच्या मधल्या जागी भरण किंचित फुगते आणि पटावर मऊ उंचवटे व सावल्या उमटतात. वरून मोजता दर इंचास आठ ते बारा टाके हे कुशल कामाचे लक्षण मानतात. तथापि टाक्यांच्या संख्येपेक्षा त्यांचा सारखेपणा अधिक महत्त्वाचा असतो. भरणाच्या निवडीस येथे विशेष महत्त्व आहे. लोकरीतून सुई सहज जाते. ज्या कापसाच्या भरणास आधारासाठी पातळ जाळी जोडलेली असते, त्यातून ती कष्टाने जाते. घट्ट विणीचे बाटिक कापड किंवा अनेक शिवणी एकत्र येणारी जागाही हाताला जड जाते.

लाँगआर्म यंत्राची रचना व कार्य : घरगुती शिवणयंत्रात यंत्र स्थिर असते व कापड सरकविले जाते. सुई आणि यंत्राचा उभा खांब यांमधील जागा अपुरी असल्याने मोठा क्विल्ट गुंडाळून त्या जागेत कोंबावा लागतो. लाँगआर्म यंत्रात याच्या उलट व्यवस्था असते. कापड चौकटीवर ताणून स्थिर ठेवतात आणि यंत्राचे डोके रुळांवर बसविलेल्या चाकांच्या साहाय्याने सर्व दिशांना फिरते. यंत्राच्या लांब बाहूमुळे सुईमागे सु. ४५ ते ७५ सेंमी. जागा मिळते. चौकटीची लांबी तीन ते सव्वाचार मी. पर्यंत असू शकते. अस्तर व दर्शनी पट वेगवेगळ्या रुळांवर गुंडाळलेले असतात. एक पट्टा टाचून झाला की तो पुढे गुंडाळून दुसरा समोर घेतात. त्यामुळे कच्च्या टाक्यांची गरज राहत नाही.

यंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा व बॉबिनचा दोरा भरणात एकमेकांत अडकतात आणि दोन्ही बाजूंना अखंड रेघ दिसते. यंत्राचा वेग मिनिटास दीड हजार टाके वा त्याहून अधिक असतो. पूर्वी टाक्याची लांबी चालविणाऱ्याच्या हातांच्या गतीवर अवलंबून असे. पुढे टाका-नियंत्रक उपकरण आले. ते यंत्राच्या सरकण्याची गती ओळखून सुईचा वेग आपोआप कमीजास्त करते, त्यामुळे टाके सारखे पडतात. संगणकाच्या आज्ञेनुसार नक्षी काढणारी यंत्रेही आता प्रचलित आहेत. अशी यंत्रे बनविणारे काही प्रमुख अमेरिकन कारखाने आयोवा व मिसूरी या राज्यांत आहेत.

व्यावसायिकाकडून करून घ्यावयाच्या कामाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात एकच नक्षी संपूर्ण पटावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीने काढतात. कागदावर काढलेली नक्षी यंत्रामागच्या मेजावर ठेवून तिच्यावरून प्रकाशकिरण फिरवीत यंत्र चालवितात किंवा हे काम संगणकाकडे सोपवितात. दुसऱ्या प्रकारात पटातील प्रत्येक चौकोन, किनार व रिकामी जागा यांसाठी स्वतंत्र नक्षी योजतात. हे काम मुख्यतः हाताने यंत्र फिरवून होते, त्यास चित्रकाराची नजर लागते आणि त्याची मजुरी पहिल्या प्रकाराच्या कितीतरी पट असते.

काम सोपविण्यापूर्वी काही गोष्टींची काळजी घ्यावी लागते. अस्तर व भरण दर्शनी पटापेक्षा चारही बाजूंनी सु. १० सेंमी. मोठे असावे, कारण ते चौकटीस अडकवावे लागते. पट इस्त्री केलेला असावा आणि मागचे लोंबते दोरे कापलेले असावेत, कारण गडद दोरे फिक्या कापडातून दिसतात. किनारपट्ट्या मापाने कापून जोडलेल्या नसतील, तर त्या लाटेसारख्या दिसतात. असा फुगवटा यंत्राने नाहीसा होत नाही, त्या जागी चुण्या पडतात. दोऱ्याचा रंग, नक्षीची घनता, मजुरीचा दर आणि काम परत मिळण्याची तारीख आधी ठरवून घेणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते. चांगल्या व्यावसायिकाकडे कित्येक आठवडे, प्रसंगी महिने थांबावे लागते. टाचलेल्या क्विल्टला भोवताली गोट लावण्याचे काम बहुधा मालकीणच करते.

वेळ व खर्च : दोन्ही पद्धतींतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १५० सेंमी. रुंद व २०० सेंमी. लांब अशा पटावर दोन्ही दिशांनी अडीच सेंमी. अंतरावर सरळ रेघा टाचावयाच्या आहेत असे मानू. लांबीच्या दिशेने ६० रेघा प्रत्येकी २ मी. आणि रुंदीच्या दिशेने ८० रेघा प्रत्येकी दीड मी., म्हणजे एकूण २४० मी. टाचकाम होते. दर सेंमी.स तीन टाके धरल्यास ही संख्या ७२,००० टाक्यांवर जाते. एक मीटर टाचण्यास अर्धा तास लागतो असे मानले, तर हातकामास १२० तास पुरे पडतात. रोज दोन तास काम केल्यास दोन महिने लागतील. यंत्राचे टाके अधिक दाट, दर सेंमी.स चार धरले, तरी मिनिटास दीड हजार टाक्यांच्या वेगाने केवळ टिपेस सु. एक तास लागेल. पट चौकटीवर चढविणे, पुढे गुंडाळणे व बॉबिन बदलणे यांसाठी आणखी काही तास धरावे लागतात.

व्यावसायिकाची मजुरी सामान्यतः क्षेत्रफळावर आकारतात. वरील पट सु. ६० × ८० इंच, म्हणजे ४,८०० चौ. इंच आहे. चौरस इंचास दोन सेंट दर धरला, तर मजुरी ९६ डॉलर होते. भरण व दोरा यांची किंमत वेगळी असते. याउलट हातकामाचे १२० तास ताशी दहा डॉलर इतक्या बेताच्या दराने मोजले, तरी १,२०० डॉलर होतात. हातकामाचे खरे मोल बाजारात क्वचितच मिळते. म्हणूनच ते प्रामुख्याने स्वतःसाठी, आप्तांसाठी वा छंद म्हणून होते. स्वतःचे लाँगआर्म यंत्र घेण्यास हजारो डॉलर व एक मोठी खोली लागते. केवळ स्वतःच्या कामासाठी ते थोड्याच जणींना परवडते.

गुणदोषांची तुलना : यंत्राचे टाचकाम वेगवान, सारखे व मजबूत असते. वारंवार धुतल्या जाणाऱ्या लहान मुलांच्या पांघरुणास ते उपयुक्त ठरते. शिवाय जोडून झालेले परंतु टाचण्यावाचून वर्षानुवर्षे पडून राहिलेले पट त्यामुळे वापरात येतात. आजीने वा आईने जोडून ठेवलेले असे पट अनेक घरांत आढळतात आणि ते पुरे करण्याइतका वेळ किंवा सांध्यांतील बळ वारसांपाशी नसते. अशा प्रसंगी यंत्रकाम म्हणजे जुने काम वाया जाऊ न देण्याचा एक मार्ग होय. मात्र जुने कापड विरलेले असेल, तर चौकटीवरील ताण व वेगवान सुई त्यास सोसत नाही. तेथे हातकामच इष्ट ठरते. यंत्राची दाट टीप चुकीच्या जागी पडल्यास ती उसवणे जिकिरीचे असते व सुईची भोके काही कापडांवर कायम राहतात. कोणत्याही पद्धतीने अतिदाट टाचल्यास पांघरूण ताठर होते. यंत्रावर दाट टाचणे सोपे असल्याने हा दोष यंत्रकामात अधिक दिसतो.

हातकामाने पांघरूण लवचिक राहते, अंगावर नीट बसते आणि दुरुस्त करण्यास सोपे जाते. त्यास मोठे साहित्य लागत नाही. कड्यात बसविलेला क्विल्ट प्रवासातही बरोबर नेता येतो. त्याच्या मर्यादा म्हणजे लागणारा वेळ, बोटांना होणारी इजा आणि मान, मनगट व डोळे यांवर पडणारा ताण. तिन्ही थरांशी महिनोन् महिने हात असल्याने शिवणारीस आपल्या जोडकामातील चुका कळतात व पुढच्या पटात ती त्या टाळते. काम दुसऱ्याकडे सोपविल्यास हे शिक्षण मिळत नाही.

या दोन टोकांच्या मध्येही काही मार्ग आहेत. घरगुती यंत्रावर विशेष पायपट्टी लावून सरळ रेघा टाचता येतात. काही दुकाने थोडे प्रशिक्षण देऊन लाँगआर्म यंत्र तासाच्या भाड्याने वापरू देतात. काही जणी लाँगआर्मवर केवळ कच्चे टाके घालून घेतात व मग पट हाताने टाचतात. जाड दोऱ्याने मोठे टाके घालण्याची पद्धत तर नवशिक्यांसही थोड्या दिवसांत साधते.

कर्तृत्व व मोबदला : यंत्रकाम ही कला आहे की नाही, यावर अमेरिकेत दीर्घकाळ वाद झाला. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये जुने क्विल्ट चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगून प्रदर्शित केले आणि या कलेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. केंटकी राज्यातील पाड्यूका येथे १९८४ मध्ये अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी स्थापन झाली. तिच्या वार्षिक प्रदर्शनात १९८९ मध्ये कॅरल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरील क्विल्टला सर्वोत्कृष्ट पुरस्कार मिळाला. यंत्राने टाचलेल्या क्विल्टला तेथे हा मान प्रथमच मिळत होता आणि त्यामुळे मोठी खळबळ उडाली. पुढे हातकाम, घरगुती यंत्र व लाँगआर्म यंत्र यांतील कौशल्यासाठी स्वतंत्र पुरस्कार देण्यात येऊ लागले.

काम दोघींनी केले असेल, तर दोघींची नावे नोंदविणे हा आता मान्य शिष्टाचार आहे. जोडणारी व टाचणारी यांची नावे आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी क्विल्टच्या मागे शिवतात. अनेक स्पर्धांत दोघींच्या कामासाठी स्वतंत्र गट असतो. टाचकाम करणारीचे नाव गाळणे हा केवळ शिष्टाचाराचा भंग नव्हे. जुन्या क्विल्टांपैकी बहुसंख्य निनावी आहेत, कारण हे काम घरातील स्त्रियांचे म्हणून त्याची नोंद करण्याची गरज कोणास भासली नाही. व्यावसायिकाचे नाव वगळल्याने तीच चूक नव्या स्वरूपात घडते.

मोबदल्याचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. ॲलाबॅमा राज्यातील विलकॉक्स परगण्यात १९६६ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन केली. मताधिकाराच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे अनेक कुटुंबांनी काम व घर गमावले होते. क्विल्टांच्या विक्रीतून त्यांना उत्पन्नाचे स्वतःचे साधन मिळाले. याच परगण्यातील जीझ बेंड येथील क्विल्टांचे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथे भरले, तेव्हा त्यांची गणना श्रेष्ठ अमेरिकन कलाकृतींत होऊ लागली. याउलट, स्मिथसोनियन संस्थेने आपल्या संग्रहातील क्विल्टांच्या प्रतिकृती चीनमध्ये करवून घेण्याचा परवाना दिला, तेव्हा १९९२ मध्ये अमेरिकेतील क्विल्टकारणींनी तीव्र निषेध केला. स्वस्त हातकाम आयात झाल्यास स्थानिक कारागिरांच्या श्रमाचे मोल घसरेल, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

भारतातील समांतर परंपरा : घरी शिवणे व कारागिराकडून करून घेणे हे दोन्ही मार्ग महाराष्ट्रातही पूर्वापार रूढ आहेत. गोधडी किंवा वाकळ ही जुनी लुगडी, धोतरे व इतर वापरलेले कपडे थरावर थर रचून धावदोऱ्याने शिवतात. तीत सहसा वेगळे भरण नसते, जुने कापड हेच भरण होय. ती चौकटीवर न ताणता जमिनीवर अंथरून, कडेपासून मध्याकडे टाके घालीत शिवतात. शेजारणी एकत्र बसून ती पुरी करतात. ज्या घरी वेळ वा शिवणारी माणसे नसतात, तेथे कपडे देऊन मजुरीने गोधडी शिवून घेतात व तशी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर चरितार्थ चालतो. कापूस भरलेल्या गाद्या व रजया मात्र कापूस पिंजून देणारे पिंजारी शिवीत आले आहेत. लांब सुईने विरळ टाके घालून ते त्या टाचतात. उत्तर कर्नाटकात गोधडीसारख्या पांघरुणास कौदी म्हणतात. कारवार भागातील सिद्दी स्त्रिया रंगीत तुकड्यांचे कवंद कडेकडून मध्याकडे शिवतात व कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात.

गोधडीच्या बाबतीत कापड घरच्या माणसांच्या अंगावरचे असते, म्हणून शिवणारी परकी असली तरी गोधडी घरचीच मानली जाते. अमेरिकन क्विल्टच्या बाबतीतही हाच विवेक उपयोगी पडतो. पट कोणासाठी आहे, कापड किती टिकाऊ आहे, पांघरूण किती वेळा धुतले जाणार आहे आणि शिवणारीस शिवण्यातच आनंद आहे की पुरे झालेले पांघरूण हवे आहे, यांवर पद्धतीची निवड अवलंबून असते. यांपैकी कोणतीही पद्धत दुसरीहून स्वभावतः श्रेष्ठ नाही. मात्र स्वतः टाचणारीने आपल्या तासांचा आणि काम सोपविणारीने दुसरीच्या तासांचा योग्य मान राखणे, ही दोन्ही पद्धतींची समान अट आहे.